हळदीच्या गोडाऊनमध्ये प्रदर्शन लावायचंय? पेंटरला आत्ता बोलवू नका

प्रश्न थोडक्यात असा आलाय: सांगलीत जुन्या पेठेत घरचं हळदीचं गोडाऊन आहे, साधारण ९० बाय ५० फूट, पुढचा भाग मंगलोरी कौलांचा आणि मागचा पत्र्याचा, हंगाम सोडला तर मोकळंच असतं. आठ मित्रमैत्रिणी, काही मुंबईत शिकून परत आलेले काही बडोद्याचे, मिळून डिसेंबरात पंधरा-वीस दिवसांचं समकालीन कलेचं प्रदर्शन करायचं म्हणतायत, त्यात ड्रॉइंग्ज आहेत, व्हिडिओ आहेत, मोठी इन्स्टॉलेशन्स (जागाच वापरून उभी केलेली कामं) आहेत. भिंती पांढऱ्याशुभ्र करून, फॉल्स सीलिंग टाकून, गॅलरीसारखं करून घ्यायचं का, आणि पेंटरचं कोटेशन आलंय ते योग्य आहे का, असं विचारलंय. सोबत जागेचे फोटो आहेत, आणि लोकांना काही कळणार नाही अशी भीतीही लिहिलीय.

मी २२ वर्षं प्रदर्शनं लावायचं काम करतेय. गॅलऱ्यांमध्ये केलंय, शाळांच्या हॉलमध्ये केलंय, आणि गोडाऊन, बंद गिरणी, जुना कारखाना अशा जागांमध्ये सगळ्यात जास्त केलंय. तेव्हा सरळ सांगते, ते कोटेशन बाजूला ठेवा. रक्कम कमी-जास्त आहे म्हणून नाही. तुमच्याकडे जे आहे ते मुंबईतल्या कुठल्याही गॅलरीला पैसे टाकूनही मिळत नाही आणि तुम्ही तेच पैसे देऊन पुसायला निघालाय. पहिला रुपया छपरावर जाऊ दे, दुसरा विजेवर, तिसरा आत उभं राहून लोकांशी बोलणाऱ्या पोरापोरींवर, आणि यातून काही उरलं तर रंगाचा विचार करू.

कोचीचं उदाहरण घेते, कारण गोडाऊनमध्ये कला कशी उभी राहते हे आपल्या देशात सगळ्यात नीट तिथं बघायला मिळतं, आणि मी तिथं पहिल्या वेळेपासून प्रेक्षक म्हणून जातेय. १२ डिसेंबर २०१२ ला कोची-मुझिरिस बिनाले, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं कलेचं मोठं प्रदर्शन, सुरू झालं. ज्यांनी ते उभं केलं ते बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघंही कलाकार, आपल्या मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेले. तेव्हाची मुख्य जागा फोर्ट कोचीतलं अ‍ॅस्पिनवॉल हाऊस, म्हणजे जॉन अ‍ॅस्पिनवॉल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा पाण्याकाठचा पसारा. खोबरेल तेल, मिरी, सुंठ, हळद, काथ्या, पुढे चहा-कॉफी असा सगळा व्यापार. हो, हळदसुद्धा! दुसरी जागा पेपर हाऊस, नावातच मिरी आहे. तिथल्या भिंती बघा. चुन्याचे पोपडे, ओलीचे नकाशे, जुन्या रंगाचे थर, सगळं जिथल्या तिथं. जिथं ड्रॉइंगला शांत पार्श्वभूमी पाहिजे तिथं जुन्या भिंतीच्या पुढं वेगळी भिंत उभी केलेली असते, जुन्या भिंतीला हात न लावता.

आणि कामं त्या जागेसाठी, त्या जागेत बसतील अशी. २०१४ ला शिल्पकार अनिश कपूरचा पाण्याचा भोवरा तिथं जमिनीतच फिरत होता, काळसर पाणी गरागरा खाली जातंय आणि त्याची घरघर तळपायाला जाणवतेय, भिंतीपलीकडं खरा समुद्र. जितीश कल्लाट तेव्हा क्युरेटर, म्हणजे कामं निवडून प्रदर्शन आखणारा, होता. २०१६ ला सुदर्शन शेट्टी क्युरेटर असताना चिलीचा कवी राउल झुरिता याने एक अख्खं लांबट गोडाऊन गुडघाभर समुद्राच्या पाण्याने भरलं होतं. ते काम गालिप कुर्दीसाठी होतं, म्हणजे किनाऱ्यावर पालथा पडलेल्या सीरियाच्या ज्या छोट्या निर्वासित अ‍ॅलनचा फोटो जगभर गेला त्याचा भाऊ, जो त्याच्याबरोबरच बुडाला आणि ज्याचा असा कुठलाच फोटो नाही. लोकं चपला काढून, पँट-साड्या वर धरून, पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीवरची कविता वाचायला जात होती. मी त्यात दोनदा चालले, दुसऱ्यांदा एका मल्याळी आजींचा हात धरून, आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. हेच काम गुळगुळीत टाइल्सच्या हॉलमध्ये केलं असतं तर ते तलाव वाटलं असतं. तिथं ते गोडाऊन होतं, मालाची ने-आण झालेली जागा होती, म्हणून समुद्र आत आल्यासारखं वाटलं.

म्हणून माझा पहिला आग्रह: कामं आधी ठरवून मग जागेत कोंबू नका. आठही जणांना एक दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गोडाऊनमध्ये बसवा. डबे घेऊन या. फोन बाजूला ठेवा. खडू घ्या आणि कौलांमध्ये जी काचेची कौलं असतील त्यातून पडणारा उन्हाचा तुकडा दर तासाला भिंतीवर, जमिनीवर आखा आणि बाजूला वेळ लिहा. आणि हे लक्षात घ्या की आत्ता आखलेली जागा डिसेंबरात बदलणार, तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो, त्यामुळे तेच ऊन उत्तरेच्या भिंतीकडं बरंच आत सरकतं. एका तालुक्याच्या गावात मी जूनमध्ये जागा बघितली, खुणा केल्या आणि जानेवारीत जलरंगाची चित्रं लावली, तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला एका चित्राच्या बरोब्बर मधोमध उन्हाचा चौकोन. चित्रं त्याच दिवशी हलवली, पण तेव्हापासून मी काचेचं प्रत्येक कौल बघून ठेवते, आणि नको असेल तिथं आतून जाड काळं कापड दोन पदरी लावते.

आता छप्पर. तुम्ही डिसेंबर म्हणताय म्हणजे त्याआधीचा पावसाळा तुमच्या हातात आहे, हे फार मोठं भाग्य समजा. जोराचा पाऊस चालू असताना आत जा आणि प्रत्येक गळतीखाली जमिनीवर ऑइलपेंटने ठिपका द्या, नंतर कौलं फिरवणाऱ्या माणसाला बोलवून ते ठिपके दाखवा, वर चढून अंदाजाने कौलं शोधण्यात काही अर्थ नाही. पन्हळी साफ करा, गळती निम्मी तिथंच थांबते. पण मागच्या पत्र्याच्या भागाबद्दल एक गोष्ट सांगते जी बहुतेकांना प्रदर्शन लागल्यावरच कळते. पाऊस नसतानाही पत्रा गळतो. थंडीत रात्री पत्रा गार पडतो, आतल्या हवेतली वाफ त्याला आतून दव म्हणून धरते आणि सकाळी सात-आठच्या सुमारास टपाटपा खाली येते. सांगलीत नदीकाठचं धुकं असतं, तिथं हे होणारच. तर पत्र्याखाली कागद, कापड, प्रोजेक्टर काहीही ठेवायचं नाही, तिथं दगड, रंगवलेलं लोखंड, भाजलेली माती, ज्याला चार थेंबांनी काही होत नाही अशी कामं जाऊ देत. आणि पत्रा सिमेंटचा असेल तर त्याला ड्रिल अजिबात मारू नका, जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

छपरावर खर्च करायला लागतो याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. अमेरिकेत टेक्ससमध्ये मार्फा नावाचं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव आहे, तिथं डोनल्ड जड या शिल्पकाराने लष्कराच्या दोन जुन्या तोफखान्याच्या शेड घेतल्या आणि १९८२ ते १९८६ मध्ये त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या १०० पेट्या मांडल्या, सगळ्या बाहेरून एकाच मापाच्या, आतून प्रत्येक वेगळी. त्या शेडची सपाट छपरं गळायची. त्याने त्यावर जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची अर्धगोल कमान चढवली, इमारतीची उंची दुप्पट झाली. गाड्यांच्या दरवाज्यांच्या जागी मोठ्या काचा बसवल्या म्हणून आज त्या पेट्यांवर दिवसभर प्रकाश सरकताना दिसतो. छप्पर आणि उजेड हे तिथं शिल्पांइतकंच काम आहे. तुम्हाला एवढं करायचं नाहीये, पण क्रम तोच आहे.

फॉल्स सीलिंग नकोच. तुमच्या कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी) आणि तुळया हीच तुमची सगळ्यात मोठी सोय आहे, टांगायला इतकी चांगली जागा दुसरी नाही. कोचीत २०१८ ला, अनिता दुबे क्युरेटर होत्या त्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेच्या सू विल्यमसनने गुलाम करून नेलेल्या माणसांची नावं कोरलेल्या बाटल्या जाळ्यांमध्ये भरून वरून टांगल्या होत्या, त्यातून पाणी ठिबकत होतं. त्याच वर्षी बांगलादेशच्या मार्झिया फरहानाने केरळच्या ऑगस्टमधल्या पुरात खराब झालेलं घरातलं सामान, फ्रिज, खुर्च्या, पुस्तकं, असं सगळं हवेत टांगलं होतं. बघताना घसा दाटून आला होता. पण टांगण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला वर चढवा आणि कुठल्या तुळईवर किती किलो चालेल ते लेखी घ्या. वाळवीने आतून पोकळ झालेली सागवानी तुळई बाहेरून ठणठणीत दिसते. कैचीच्या मधल्या दांडीला लोड नको, सांध्याजवळ घ्या. आणि प्रत्येक टांगलेल्या वस्तूला मुख्य तारेशिवाय एक सुटी सेफ्टी तार.

भिंती. तुमच्या फोटोत दिसतंय की खालचे तीन-साडेतीन फूट लोणा लागलाय, म्हणजे जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढतेय. चुन्याचा गिलावा श्वास घेतो म्हणून ती ओल बाहेर पडते, त्यावर प्लॅस्टिक पेंट मारलात तर ओल आत अडकेल, दोन महिन्यांत फुगे येतील आणि गिलाव्यासकट सगळं खाली पडेल. पेंटर हे सांगणार नाही. भिंत स्वच्छच करायची असेल तर मऊ केरसुणीने झाडा आणि फार तर चुना मारा. आणि चुना मारणार असाल तर हे ऐका, हळदीच्या गोडाऊनमध्ये चुना मारणं म्हणजे काय हे मी स्वतः बघितलंय. फटीफटीत, तुळयांवर वर्षानुवर्षांची हळद बसलेली असते. आम्ही एका ठिकाणी भिंतींना ताजा चुना दिला आणि दुसऱ्या दिवशी वर वायरिंगचं काम सुरू झालं, वरची हळद खाली पडली आणि ओल्या चुन्यावर लालबुंद ओघळ उठले. आपलं कुंकूच की, हळद आणि चुना! प्रदर्शनातल्या एका मुलीने ते बघितलं, तिचं ठरलेलं काम बाजूला ठेवलं आणि ती अख्खी भिंत तशीच ओघळांची करत नेली, वरून हळद झटकायची आणि खाली बघत बसायचं. गावातल्या बायका त्या भिंतीपुढून हलत नव्हत्या. तुमच्यात कुणाला हळद वापरायची असेल तर उन्हापासून लांब ठेवा, उन्हात हळदीचा रंग लवकर उडतो.

चित्रांसाठी वेगळ्या भिंती बनवा. दोन बाय दोन इंची लाकडाच्या चौकटीवर १२ एमएम प्लाय, मागून तिरका टेकू आणि टेकूवर वाळूची पोती, जुन्या भिंतीपासून किमान तीन इंच सोडून म्हणजे मागून हवा खेळेल आणि ओल लागणार नाही. चौकटीला खालून एक इंच उचला. या भिंती पांढऱ्या करा, हरकत नाही, तिथं पांढरा रंग कामाचा आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर, पण तुमचा कोबा उताराचा असणार, गोडाऊनला धुवायला उतार देतातच, त्यामुळे जमिनीवरून मापू नका, पाणसळीने एक आडवी दोरी धरा आणि सगळं त्या दोरीवरून मापा.

ओल-कोरडेपणाबद्दल, कागदावरच्या कामांना साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बरी, पण तुमच्याकडं एसी नाही आणि एवढ्या जागेला तो परवडणारही नाही, त्यामुळे आकड्यामागं धावण्यापेक्षा चढ-उतार कमी ठेवा. सकाळी धुकं असताना दरवाजे बंद, अकरानंतर उघडे, संध्याकाळी परत बंद. एक साधा आर्द्रतामापक लावा आणि दिवसातून तीनदा वहीत नोंद करा. कामं आली की पेट्या लगेच फोडू नका, २४ तास बंद ठेवून जागेची सवय होऊ दे. ड्रॉइंग आणि कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड नको, तैलचित्रांना २०० पर्यंत चालेल. हे सगळं भीती घालायला सांगत नाहीये, एवढं केलं की कागदाला पंधरा-वीस दिवसांत काही होत नाही.

वीज. हा भाग वायरमनवर सोडून देऊ नका, स्वतः गणित करा. एक प्रोजेक्टर साधारण ३५० वॅट धरा, सहा असले तर दोन किलोवॅटच्या थोडं वर. बारा वॅटचे चाळीस स्पॉट म्हणजे अर्धा किलोवॅट. त्यात पंखे, साउंड, कुणाची तरी मोटर, चहावाल्याची इंडक्शन शेगडी (ती कुणीतरी गुपचूप लावतंच), म्हणजे पाच किलोवॅटला गेलात. गोडाऊनचं मीटर दोन ट्यूबलाइट आणि वजनकाट्यापुरतं असतं. महावितरणकडं तात्पुरत्या वाढीव लोडचा अर्ज दीड-दोन महिने आधी द्या. अर्थिंग नवीन करून घ्या, जुन्या गोडाऊनचं अर्थिंग असतं असं मी धरतच नाही. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की वीज लगेच तोडणारा स्विच, पाहिजेच, विशेषतः पाण्याचं काही काम असेल तर. केबल जमिनीवरून न नेता तुळयांवरून न्या, जमिनीवर घुशी कुरतडतात आणि लोकं अडखळतात.

व्हिडिओच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात, अंतर मोजत नाहीत. दीड थ्रोचा, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा प्रोजेक्टर तीन मीटर रुंद चित्रासाठी साडेचार मीटर मागं लागतो, तेवढी जागा मध्ये माणसं न येता आहे का ते बघा. काळोख पुरेसा झालाय का हे दुपारी बाराला बघायचं, रात्री बघून काही कळत नाही. आणि प्रोजेक्टरचा फिल्टर रोज सकाळी काढून झटका, हळदीची धूळ बारीक असते, चार दिवसांत फिल्टर पिवळाधम्मक होतो आणि मग मशीन तापून बंद पडतं. आवाज उघड्या छपराखाली घुमतो, दोन व्हिडिओंचे आवाज एकमेकांत मिसळले की दोन्ही कामं मेली. त्यावर उपाय तुमच्याच घरात आहे, बारदान. रिकामी पोती दोन-तीन पदरी शिवून पडद्यासारखी टांगा, आवाज बराच शोषला जातो. ताग लवकर पेटतो, म्हणून आधी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि दिव्यांपासून लांब ठेवा. आणि बारदानाकडं नुसतं सामान म्हणून बघू नका, घानाचा इब्राहिम महामा कोकोची जुनी पोती शिवून अख्ख्या इमारती झाकतो, २०१७ ला जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने तसं केलं होतं. पोत्यांवर व्यापाऱ्यांच्या खुणा, ठिगळं, हमालांच्या आकड्यांची भोकं, सगळं दिसतं. तुमच्या माळ्यावर अशी किती पोती पडलीत ते बघा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि कृपा करून ही नीट वाचा. हळदीच्या, धान्याच्या गोडाऊनमध्ये किडीसाठी धुरी देतात. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो माणसाला मारतो. तुमच्या गोडाऊनमध्ये शेवटची धुरी कधी दिली, गोळ्यांची राख उचलली का, डबे कुठं आहेत, हे वडिलांना किंवा दिवाणजींना विचारा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या गोडाऊनमध्ये तुमच्या तारखांना धुरी आहे का ते विचारा. भिंत सामाईक असते, वर कौलांखाली फट असते, वायू इकडे येतो. सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला तर क्षणभरही विचार न करता सगळ्यांना बाहेर काढा, आणि वास येत नाही म्हणजे वायू नाही असंही समजू नका. एकदा आमच्या प्रदर्शनाच्या चौथ्या दिवशी शेजारी धुरी लावायची तयारी चालू होती, आमचा चहावाला पोऱ्या ते बघून आला आणि सांगितलं म्हणून कळलं. आम्ही शेजाऱ्यांना हात जोडले, त्यांनी पंधरा दिवस पुढं ढकललं. तो वायू तांब्यालाही खातो, प्रोजेक्टर-प्लेअरच्या आतले सर्किट खराब होतात, पण तो मुद्दा नंतरचा, आधी माणसं.

आगीचंही लगेच सांगते. गोडाऊनला बहुतेक एकच शटर असतं. प्रेक्षकांसाठी दुसरी वाट पाहिजेच, मागचं बुजवलेलं दार उघडा, बाहेरच्या बाजूला उघडेल असं करा, आणि प्रदर्शनाच्या वेळात त्याला कुलूप नको. विजेच्या बोर्डाजवळ कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर ठेवा, पावडरचं सिलिंडर आग विझवतं पण आसपासची सगळी कामं खराब करतं. महापालिकेची आणि अग्निशमनची परवानगी लवकर मागा. बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट आणि उंबऱ्यावर उतार, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका, त्या नसल्या की निम्मं गाव येत नाही, आणि आलं तरी दहा मिनिटांत परत जातं.

माणसांबद्दल बोलते, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात जवळचा आहे. जड कामं उचलायला मुंबईहून टीम आणू नका. तुमच्या पेठेतल्या हमालांना सांगा. शंभर किलोची वस्तू कशी तोलायची, कुठं धरायची, वळणावर कोण आधी वळणार, हे त्यांच्या अंगात आहे. फक्त त्यांना सांगायचं की ही वस्तू काचेसारखी आहे आणि घाई नाही, आणि आकडा लावायचा नाही. मजुरी ठरलेल्या दराने, त्यांच्या टोळीमार्फत, आपल्याकडं १९६९ पासून माथाडी कायदा आहे, त्याप्रमाणे नीट हिशोब करा. आणि उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना घरच्यांसकट बोलवा, कलाकारांनी स्वतः फिरवून दाखवावं. एका ठिकाणी असं केलं तेव्हा एक वयस्कर हमाल खांबाजवळ थांबले आणि बायकोला म्हणाले, इथं माझी थप्पी असायची. तिने पस्तीस वर्षांत ती जागा आतून पहिल्यांदा बघितली होती. दुसऱ्या दिवसापासून ते रोज आले आणि येणाऱ्या लोकांना दोन्ही सांगायचे, चित्रात काय आहे ते पण आणि थप्पी कशी लावतात ते पण.

तुम्हाला भीती वाटतेय की लोकं म्हणतील काही कळलं नाही. म्हणतील. त्यावर उपाय म्हणजे जड भाषेतली पाटी नाही. प्रत्येक कामाशेजारी मराठीत साठ-सत्तर शब्द, मोठ्या अक्षरात, कलाकाराने हे कशाचं केलं, का केलं, किती दिवस लागले. 'अवकाशाची विखंडित अनुभूती' असलं काही नको. आणि चार-पाच कॉलेजची पोरं-पोरी, मानधन देऊन, दिवसभर आत उभी. त्यांनी समजावून सांगायच्या आधी विचारायचं, तुम्हाला यात काय दिसतंय? सांगलीतल्या माणसाला पाणी, पूर, ऊस, हळद, भिंतीवरची ओल यातलं खूप कळतं. बाहेरून आलेल्या क्युरेटरपेक्षा जास्त कळतं.

पुरावरून आठवलं. तुमच्या फोटोत उजव्या भिंतीवर आडवी तपकिरी रेघ आहे, साधारण माणसाच्या छातीइतकी. ती पुराची रेषा आहे ना? २००५ ची की २०१९ ची ते घरच्यांना विचारा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं पुरात गेली, जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद न किडता ठेवायची एवढी जुनी विद्या, ती बघायला आता फारशी पेवं राहिली नाहीत. आणि तुमच्याकडं त्या पाण्याने स्वतः मारलेली रेघ आहे, ९० फूट लांब. पेंटरच्या कोटेशनमध्ये ती पहिल्याच हाताला जाणार होती. मी तुमच्या जागी असते तर त्या भिंतीवर एकही काम लावलं नसतं, फक्त वरून एक सौम्य दिवा, रेघेला समांतर, आणि खाली एक छोटी पाटी, त्यावर फक्त तारीख. सगळं प्रदर्शन बघून माणूस शेवटी तिथं येईल अशी वाट आखा.

तारखांचं एकदम कडक ठेवा. कोचीसारख्या ठिकाणीही २०२२ ला १२ डिसेंबरला उघडायचं मुख्य प्रदर्शन २३ डिसेंबरला उघडलं. म्हणून इमारत, म्हणजे छप्पर-वीज-दारं, ही उद्घाटनाच्या एक महिना आधी पूर्ण तयार पाहिजे, उभ्या भिंती पंधरा दिवस आधी, कामं दहा दिवस आधी, आणि शेवटचे दोन दिवस फक्त दिवे लावायला आणि झाडायला. प्रत्येक काम आलं की चारी बाजूंनी फोटो आणि खरचटे-डाग यांची नोंद, कलाकाराची सही, जाताना परत तेच. विमा घेताना प्रवासासकट घ्या, भिंतीवरून निघाल्यापासून परत भिंतीवर जाईपर्यंतचा.

आणि संपायची तारीख तुमच्या हातात नाहीये, हळदीच्या हातात आहे. फेब्रुवारीपासून नवा माल यायला लागेल, त्याआधी जागा वडिलांना परत पाहिजे. म्हणून जानेवारीच्या मध्यापर्यंत सगळं उतरलेलं असू दे. खिळे काढताना मोजून काढा, किती मारले ते वहीत असेलच, एक जरी जमिनीत राहिला तर अनवाणी हमालाच्या पायात किंवा पोत्यात जाणार. प्लायच्या भिंती स्क्रू काढून सुट्ट्या करा, फोडू नका, पुढच्या वर्षी लागतील. वाढवलेली वायरिंग आणि मागचं दार तसंच राहू द्या. कोबा धुवा, दोन दिवस वाळू द्या, आणि किल्ली देताना दिवाणजींना एकदा आतून चक्कर मारायला लावा, काही राहिलं असेल तर त्यांनाच आधी दिसेल. पाऊस पडला की छपराचे फोटो पाठवा, ठिपक्यांसकट, मग कुठलं काम कुठं जाईल ते आपण बोलू.